फाइल्स न गमावता विंडोज १० वरून विंडोज ११ वर कसं जायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती त्यावर आपोआप येणं थांबलं. तरीही बरेच जण अपग्रेड पुढे ढकलत राहतात, कारण मनात एकच धास्ती असते: फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइल्स उडाल्या तर?

ही धास्ती अगदीच अनाठायी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही लोकांच्या फाइल्स खरोखरच पुसल्या होत्या. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण जुन्या जागेवरही काही फाइल्स तशाच ठेवल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा अपडेटने रिकामी समजून साफ केली. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा सोडलं.

पण अशी उदाहरणं विरळा. बहुतेक वेळा फाइल्स जातात त्या चुकीच्या रस्त्याने इन्स्टॉल केल्यामुळे, बॅकअप घेतलाय असा नुसता समज असल्यामुळे, किंवा मध्येच काही अडलं म्हणून घाबरून भलतंच बटण दाबल्यामुळे. तिन्ही गोष्टी टाळता येतात.

आधी रस्ता ओळखा

नवीन विंडोज घालण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींत त्याच सेटअपच्या फाइल्स वापरल्या जातात, म्हणूनच गोंधळ होतो.

पहिली पद्धत: चालू विंडोजमध्ये नेहमीसारखं लॉगिन करायचं आणि तिथूनच सेटअप सुरू करायचा. यात फाइल्स, प्रोग्रॅम आणि बहुतेक सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. अपग्रेड म्हणजे हेच.

दुसरी पद्धत: पेनड्राइव्हवरून संगणक बूट, म्हणजे सुरू, करायचा. इथे सेटअप तुम्हाला डिस्कच्या पार्टिशनची, म्हणजे कप्प्यांची, यादी दाखवतो आणि सोबत 'डिलीट', 'फॉरमॅट' ही बटणं देतो. ही कोरी इन्स्टॉलेशन. या यादीपर्यंत पोचलात तर रस्ता चुकलाय असं समजा, काहीही न दाबता पेनड्राइव्ह काढा आणि संगणक रीस्टार्ट करा. तोवर डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसतं, जुनं विंडोज पुन्हा सुरू होतं.

'विंडोज टाकून देतो' म्हणणारे पुष्कळसे हौशी मदतनीस दुसरीच पद्धत वापरतात, कारण त्यांना ती झटपट आणि सोपी पडते. संगणक दुसऱ्याच्या हाती देत असाल, तर कोणती पद्धत वापरणार हे आधी विचारून घ्या.

संगणक चालेल का

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप एका क्लिकमध्ये सांगतं. त्याच्या कसोट्या अशा: ६४ बिटचा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेला प्रोसेसर (ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे), ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, यूईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची) सोय, आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप). कागदावर ४ जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात ८ च्या खाली काम रखडतं.

प्रोसेसर नवा असूनही 'टीपीएम नाही' असं उत्तर आलं, तर घाबरू नका. अनेक संगणकांत ते असतं, फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम या नावाने. चालू आहे का, हे 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'डिव्हाइस सिक्युरिटी' आणि त्यातल्या 'सिक्युरिटी प्रोसेसर डिटेल्स'मध्ये दिसतं. 'स्पेसिफिकेशन व्हर्जन'समोर २.० हवं.

स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून 'बायोस मोड' ही ओळही बघा. तिथे 'लेगसी' असेल, तर डिस्कवरच्या कप्प्यांची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असणार. बायोसमध्ये जाऊन नुसतं यूईएफआय निवडलं, तर विंडोज सुरूच होणार नाही. फाइल्स शाबूत असतात, सेटिंग पूर्ववत केलं की सगळं परत येतं, पण जीव उगाच टांगणीला लागतो. आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते. त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच असतं आणि ते फाइल्स न पुसता काम करतं. तरी हे पार्टिशनच्या मुळाशी हात घालणारं काम आहे, तेव्हा बॅकअप झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रोसेसरच यादीत नसेल, तर तपासणी चुकवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. नवख्याने त्या करू नयेत. अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ च्या २४एच२ पासूनच्या आवृत्त्या बूटच होत नाहीत.

बायोसला हात लावण्याआधी: किल्ली आणि पासवर्ड

अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. होम आवृत्तीत याचं नाव 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', प्रोमध्ये 'बिटलॉकर'. एरवी त्याची काही जाणीव होत नाही, पण बायोसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कुणालाच, अगदी मायक्रोसॉफ्टलाही, उघडता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल, तर ही की बहुधा त्या खात्याच्या वेबसाइटवर, तुमच्या डिव्हाइसच्या माहितीत, साठवलेली असते. ती शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. त्याच संगणकातल्या फाइलमध्ये लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. मग एन्क्रिप्शनच्या सेटिंगमध्ये 'सस्पेंड प्रोटेक्शन' दिसत असेल तर ते तात्पुरतं थांबवा.

दुसरं, खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय का ते तपासा. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्याला वर्षानुवर्षं पासवर्ड लागत नाही. तो पिन त्या संगणकाच्या टीपीएमशी बांधलेला असतो, आणि काही बदल झाला की तो चालेनासा होऊन पासवर्ड मागितला जातो.

बॅकअप: इथे वेळ घालवा

'माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी उडाला तरी काय?' हे वाक्य फार ऐकू येतं. सी आणि डी हे बहुतेक संगणकांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात, पार्टिशन पुसताना चूक झाली तरी दोन्ही जातात. बॅकअप म्हणजे संगणकापासून सुटी करून बाजूला ठेवता येते अशी प्रत.

त्यासाठी बाह्य हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. मोठा पेनड्राइव्हही चालेल, फक्त तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडकतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर ही अडचण नाही. क्लाउडमध्ये दुसरी प्रत असेल तर उत्तम, पण वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबीच मिळते, तिच्यात फोटोंचा संग्रह मावणार नाही.

काय काय घ्यायचं? सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर असतो. त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक हे सगळ्यांना आठवतं. विसरलं जातं ते पुढचं:

– ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. क्रोमचा फोल्डर नुसता कॉपी केला तर पासवर्ड दुसरीकडे उघडत नाहीत, कारण ते तुमच्या विंडोज खात्याला बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ते एक्स्पोर्ट करा किंवा सिंक चालू असल्याची खात्री करा. एक्स्पोर्ट केलेली फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की पुसून टाका.

– आउटलुकचा मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइल्स. बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असतात. थंडरबर्डचा मेल मात्र 'अ‍ॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो. तो दिसण्यासाठी फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा.

– हिशेबाची, बिलिंगची किंवा डिझाइनची सॉफ्टवेअर आपला डेटा कुठे ठेवतात ते त्या त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बघा. काही थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी आपला फोल्डर करतात. प्रोग्रॅमचा स्वतःचा बॅकअप पर्याय असेल तर तोच वापरा.

– वेगळे बसवलेले फॉन्ट. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रं तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतात.

– प्रोग्रॅमच्या लायसन्स की आणि बाकीच्या यूजर खात्यांच्या फाइल्स. घरातल्या दुसऱ्या कुणाचं लॉगिन त्याच संगणकावर असेल, तर त्यांचाही फोल्डर घ्या.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइलच्या नावाशेजारचं चिन्ह बघा. निळसर ढग म्हणजे ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतंय. हिरवी बरोबरची खूण म्हणजे इथेही आहे. बाह्य डिस्कवर प्रत हवी असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या, मग कॉपी करा.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. मूळ फोल्डर निवडून अल्ट आणि एंटर दाबा, फाइल्सची संख्या आणि 'साइझ' टिपा. मग प्रतीवर तेच करा. दोन्ही आकडे जुळायला हवेत. खालची 'साइझ ऑन डिस्क' ही ओळ मात्र जुळवत बसू नका, ती डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे बदलते. संख्येत एकदोनचा फरक विंडोजच्या लपवलेल्या फाइल्समुळे पडू शकतो. पन्नासाचा पडला तर काहीतरी राहिलंय. शेवटी प्रतीमधला एखादा जुना फोटो, एखादी एक्सेल शीट, एखादा व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा, शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर. मग डिस्क 'इजेक्ट' करा, वायर काढा आणि ती अपग्रेड पूर्ण होईपर्यंत जोडू नका.

मैदान मोकळं करा

सी ड्राइव्हवर निदान २५-३० जीबी मोकळी हवी, कारण अपग्रेड होताना जुनं आणि नवं विंडोज काही काळ शेजारी-शेजारी राहतं. डाउनलोड्समध्ये साचलेले जुने इन्स्टॉलर आणि रिसायकल बिन यांतूनच बरीच जागा निघते.

दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर तो अनइन्स्टॉल करा. नुसता बंद केल्याने भागत नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तेवढ्या वेळापुरता पुरेसा आहे. विंडोज १० ची राहिलेली अपडेट्स पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा वायफायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच उतरवून ठेवा, कारण नेटच चालेनासं झालं तर तो मिळवायचा कुठून? प्रिंटर, मेमरी कार्ड, यूएसबी हब सगळं काढा. माऊस आणि कीबोर्ड राहू द्या.

डिस्क कुरकुर करत असेल, फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर अपग्रेड करूच नका. अशा डिस्कवर दहा-वीस जीबीची लिहालिही म्हणजे तिच्या शेवटाला आमंत्रण. आधी डेटा काढा, डिस्क बदला.

प्रत्यक्ष अपग्रेड

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सेटिंग्जमधलं 'विंडोज अपडेट'. तिथे विंडोज ११ दिसत असेल तर 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' दाबा. यात फाइल्स आणि प्रोग्रॅम आपोआप राखले जातात. तिथे दिसत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरचा 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' हेच काम करतो.

आयएसओ फाइलचा (इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) मार्ग थोडा लांबचा, पण त्यात काय राखायचं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. नेट मध्येमध्ये तुटत असेल तरी तो बरा.

१. मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून विंडोज ११ ची ६४ बिट आयएसओ उतरवा. ती ५ जीबीहून मोठी असते. भाषा निवडताना थांबा: चालू विंडोज ज्या भाषेत बसवलंय तीच हवी. 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' हे इथे दोन वेगळे पर्याय आहेत, पहिलं अमेरिकी आणि दुसरं ब्रिटिश.

२. आयएसओवर राइट क्लिक करून 'माउंट' निवडा. नवा ड्राइव्ह उघडेल, त्यातली 'सेटअप' फाइल चालवा.

३. अपडेट्स आत्ताच उतरवायची का, असं विचारलं जाईल. तो पर्याय बदलून 'नॉट राइट नाऊ' केलंत तर काम लवकर होतं, अपडेट्स नंतर घेता येतात.

४. 'रेडी टू इन्स्टॉल' हा पडदा सगळ्यात महत्त्वाचा. तिथे 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' असं लिहिलेलं दिसलंच पाहिजे. दिसलं नाही तर 'चेंज व्हॉट टू कीप' दाबून ते निवडा. 'कीप पर्सनल फाइल्स ओन्ली' घेतलंत तर प्रोग्रॅम सगळे जातील. 'नथिंग' म्हणजे काहीच राखलं जाणार नाही.

५. पहिला पर्याय फिका पडलेला असेल, निवडताच येत नसेल, तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा कारण भाषेचं असतं, कधी होम-प्रो आवृत्तीचा मेळ नसतो. सेटअप बंद करा आणि दुसऱ्या इंग्लिशची आयएसओ उतरवून बघा.

६. लॅपटॉप चार्जरला लावून 'इन्स्टॉल' दाबा.

प्रॉडक्ट की लागत नाही. विंडोज १० रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर तेच लायसन्स विंडोज ११ ला चालतं. की विकत घ्यायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कुणी पेनड्राइव्ह बनवायचा सल्ला दिला, तर एवढं लक्षात ठेवा: 'मीडिया क्रिएशन टूल' निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह मागतं आणि त्यावरचं सगळं पुसून टाकतं. बॅकअपची डिस्क त्या वेळी जोडलेली असेल आणि यादीत तीच निवडली गेली, तर एवढी सगळी मेहनत वाया.

एसएसडीवर साधारण तास-दीड तास, जुन्या हार्ड डिस्कवर कितीतरी जास्त वेळ लागतो. संगणक मध्ये काही वेळा रीस्टार्ट होतो, पडदा काळा राहतो, टक्केवारी एका आकड्यावर रेंगाळते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर पॉवर बटणाला हात लावू नका.

अडलं तर

सेटअप अर्ध्यावर फसला तर तो स्वतःच जुनं विंडोज परत आणतो आणि एक कोड दाखवतो. शेवटी ८००७००७० असेल तर जागा कमी पडली. सी१९००१०१ हा बहुतेक वेळा ड्रायव्हरचा तंटा असतो: बाहेरची उपकरणं काढली का ते पुन्हा बघा, ग्राफिक्स आणि स्टोरेजचे ड्रायव्हर अद्ययावत करा. सी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम नव्या विंडोजशी जुळत नाही. तो काढून पुन्हा प्रयत्न करा. 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन' अपडेट होत नाही असा संदेश आला, तर बूटच्या छोट्या पार्टिशनमध्ये जागा उरलेली नाही. ते पार्टिशन स्वतः मोठं करायला जाऊ नका, जाणकाराला बोलवा.

नवं विंडोज उघडल्यावर

डेस्कटॉप रिकामा दिसला, तर आधी खाली उजवीकडे काही सूचना आहे का ते बघा. 'टेम्पररी प्रोफाइल'ने लॉगिन झाल्याचं म्हटलं असेल, तर त्यात काहीही साठवू नका, कारण लॉगआउट करताच ते जातं. एकदोनदा रीस्टार्ट केल्यावर बहुधा खरं प्रोफाइल उघडतं. तसं नसेल तर 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर बघा, मग 'वनड्राइव्ह'मधला 'डेस्कटॉप'. सुरुवातीच्या पडद्यांवर नकळत वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला आणि नंतर बंद केला, की फाइल्स तिथेच राहतात आणि नेहमीची जागा ओकीबोकी दिसते. गेलेलं काहीच नसतं, फक्त पत्ता बदललेला असतो.

तिथेही नसेल तर सी ड्राइव्हवरचा 'विंडोज.ओल्ड' फोल्डर उघडा. त्यात 'यूजर्स' आणि मग तुमचं नाव. सापडेल ते कॉपी करून बाहेर काढा. हा फोल्डर जुन्या विंडोजची साठवण आहे आणि साधारण १० दिवसांनी तो आपोआप पुसला जातो. तेवढेच दिवस सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम', 'रिकव्हरी'मधलं 'गो बॅक' हे बटण चालतं. म्हणून जागा वाचवायच्या नादात 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' लगेच साफ करू नका.

त्या दहा दिवसांत संगणक नेहमीच्या कामाला जुंपा: प्रिंट काढा, व्हिडिओ कॉल करा, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून जुनी नोंद शोधा, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडा. एखादा ड्रायव्हर जुळत नसेल तर तो इथेच कळतो. मागे जायचं ठरलं तर नंतर घातलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातील. फाइल्स राहतात, तरी मधल्या दिवसांतल्या नव्या फाइल्सची प्रत आधी काढा. अपग्रेडनंतर नवं यूजर खातं तयार केलं असेल तर ते काढावं लागतं, आणि जुन्या विंडोजचा पासवर्ड लागतो.

बिटलॉकर सस्पेंड केला असेल तर तो चालू झालाय का ते बघा. बाह्य डिस्कवरची प्रत महिनाभर तरी तशीच ठेवा, कारण हरवलेली फाइल वर्षअखेरीच्या कामाला बसल्यावरच आठवते.